अकरा दिवसांची दाढी

त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं, की गॅरेजच्या शटरपाशी उभं राहिलं तर समोरचा दिव्याचा खांब कमरेपर्यंतच दिसत होता. हवा ओली, गार आणि जागची हलायला तयार नाही. असल्या हवेत गाडीवर रंग मारायचा म्हणजे चार दिवसांची मेहनत आपल्याच हाताने नासवायची. ओला रंग वाळता वाळता हवेतलं पाणी पितो आणि काळ्या गाडीवर साय धरल्यासारखी पांढरट झाक येते. म्हणून रंगारी सफाचट आल्या आल्या कोपऱ्यात टेकवलेल्या एका जुन्या काळ्या दरवाजापाशी गेला, तोंड जवळ नेऊन त्याच्यावर हाऽऽ करून श्वास सोडला आणि वाफेचा डाग किती वेळात पुसला जातो ते मनातल्या मनात मोजू लागला. विसाच्या आत गेला तर काम सुरू करायचं. त्या दिवशी चाळीस झाले, पन्नास झाले, डाग आपला तिथेच.

"दहा वाजेपर्यंत रंगाच्या गनला हात लावायचा नाही," त्याने जाहीर केलं.

"तोवर काय करू? तुझं तोंड बघू?" पलीकडून ठोक्या ओरडला. ठोक्या म्हणजे गाड्यांचे पोचे ठोकून काढणारा म्हातारा. हातात कायम हातोडी, तोंडात कायम टोमणा.

सफाचट हे नाव त्यानेच ठेवलेलं. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथेच राहिलं. वय चौतीस, अंगकाठी शिडशिडीत, हात असा हलका की गाडीवर रंग मारताना वाटावं, हा गडी गाडीला नुसता वारा घालतोय. चेहऱ्यावर मात्र केसांचं आणि त्याचं जन्माचं वैर. हनुवटीच्या टोकाला पंधरा-वीस, डाव्या गालावर बटणाएवढं एक बेट, आणि उजवा गाल म्हणजे उघडं माळरान. तो रोज दाढी करायचा ती नेम म्हणून. पात्याला काही काम पडत असेल असं वाटत नव्हतं.

आता खरं तर या धंद्यात तो गुणच. रंग मारायच्या खोलीत रबरी मास्क लावल्याशिवाय जाता येत नाही, आणि गालावर खुंट असले की रबर कातडीला घट्ट बसत नाही. त्या फटीतून थिनरची वाफ आत शिरते ती थेट छातीत. मालकाचा सख्खा मामा याच धंद्यात छाती पोखरून गेला होता. तेव्हापासून मालकाचा नियम होता, रोज सकाळी खोलीच्या दारात उभं राहून रंगाऱ्याच्या गालावरून हाताची मागची बाजू खालून वर फिरवायची. खरखरलं तर घरी. सफाचटच्या गालावरून मालकाचा हात घसरगुंडीसारखा जायचा.

"वा! लोणी," मालक म्हणायचा.

"आता एक मुकाही घ्या मालक," ठोक्या तिकडून म्हणायचा, आणि गॅरेजभर हसू.

चार वर्षं सफाचट त्या हसण्यात सामील होत आला होता. तीन महिन्यांपासून मात्र ते त्याच्या नाकाला झोंबायला लागलं होतं. कारण त्या खोलीला एक काच होती, आणि काचेतून समोरचं काउंटर दिसायचं. काउंटरला टेकून दाढीवाला उभा असायचा, आणि दाढीवाल्याच्या बोलण्यावर रंगवाली मान मागे टाकून हसत असायची.

*

रंगवाली म्हणजे रंग जुळवणारी. अपघात झालेल्या गाडीचा एकच दरवाजा नवा रंगवायचा असतो. त्याचा रंग उरलेल्या गाडीशी इतका जुळला पाहिजे की गाडीमालकाच्या बायकोलाही सांगता येऊ नये कुठला दरवाजा नवा. दहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग डब्यात मिळत नाही. तो थेंबाथेंबाने बनवावा लागतो. रंगवाली तो बनवायची. बत्तीस वर्षांची, वडिलांबरोबर राहणारी, नखांत कायम कुठला तरी रंग अडकलेला, आणि जीभ पॉलिशपेपरसारखी. लाल म्हटलं की ती विचारायची, "कुठला लाल? रागाचा की लाजेचा?"

रंग बनला की ती त्याचा एक हात पत्र्याच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर मारायची. त्या तुकड्याला सगळे कार्ड म्हणायचे. मग ती आणि रंगारी शटरच्या बाहेर उजेडात जायचे, कार्ड गाडीला टेकवायचे, आणि दोघं दोन बाजूंनी वाकून बघायचे. कधी उभं राहून, कधी उकिडवं बसून. दिव्याखाली जुळलेला रंग उजेडात दगा देतो, म्हणून हे केल्याशिवाय पुढचं काम नाही. पाच-दहा मिनिटांचं काम. तेवढ्यात बोलणं व्हायचं ते असं:

"जरा निळा कमी हवाय."

"मला नाही वाटत."

"तुझं डोकं सरकव, सावली पडतेय."

बस्स. दोन वर्षं सफाचट या दहा मिनिटांवर जगत आला होता. एकदा तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता, आणि त्या दिवशी त्याने एका गाडीला रंगावरच्या चकचकीत क्लिअरचे दोन हात जास्त मारले होते. तिला विचारायचं, हे त्याने मनाशी पक्कं केलेलं होतं. एका पावसाळ्यानंतर विचारायचं ठरलं. मग मोठ्या भावाचं, दादाचं, आजारपण निघालं. मग नवीन गन शिकायची होती. मग, आता थंडी सरू दे. त्याला वाटायचं, घाई कसली? बाहेर उजेडात तिच्याजवळ उभं राहायचा हक्क रंगाऱ्याचा, आणि पहिला रंगारी तोच.

दुसरा रंगारी होता उंदीर. म्हणजे आताचा दाढीवाला. तेव्हा त्याला उंदीरच म्हणायचे, कारण त्याची हनुवटी नाकापाशी सुरू होऊन गळ्यात कधी विरघळायची ते कळायचं नाही. बोलका, कामाला ठीक, दिसायला पुसून टाकावा असा. सफाचटने त्याच्याकडे कधी त्या नजरेने बघितलंच नाही.

मग थंडीच्या सुरुवातीला उंदराच्या गालावर मोठं गळू झालं. डॉक्टरने पट्टी बांधली आणि सांगितलं, महिनाभर पातं लावायचं नाही. मालकाने नियमाप्रमाणे त्याला रंगाच्या खोलीतून काढलं आणि म्हणाला, "तोवर काउंटरला बस. लोकांशी बोल. तेवढं येतं तुला."

महिनाभराने पट्टी निघाली आणि खालून जे निघालं ते बघून ठोक्याच्या हातातली हातोडी थांबली. काळीभोर, दाट, कानापासून कानापर्यंत एकसारखी दाढी. उंदराला हनुवटी आली होती! खांदेसुद्धा रुंद झाल्यासारखे वाटत होते. गाडी द्यायला आलेली माणसं त्याला 'साहेब' म्हणायला लागली. एक बाई तर खुद्द मालकाला ओलांडून त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "मालक, माझी गाडी कधी देताय?" मालकही धंदेवाला माणूस. त्याने विचार केला, हा काउंटरलाच शोभतो. दाढी राहिली, दाढीवाला काउंटरला राहिला, आणि सफाचट खोलीत एकटा.

यातून जे व्हायचं तेच झालं. सफाचट मास्क लावून आत कामात असायचा, आणि कार्ड घेऊन रंगवाली निघाली की हात मोकळे असलेला माणूस एकच. दहा मिनिटांची ती जागा दाढीवाल्याकडे गेली. कोणी दिली नाही, कोणी घेतली नाही, आपोआप गेली. सफाचट काचेतून बघायचा. दोघं गाडीपाशी वाकलेत. तिने काहीतरी म्हटलं. याने दाढीवरून हात फिरवला. ती हसली. आणि एक दिवस दार उघडं असताना त्याला तिचा आवाज ऐकू आला, "अहो, कार्ड सरळ धरा की."

अहो!

चेष्टेतलं होतं. साहेब म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांची नक्कल होती. पण सफाचटच्या काळजातून ते सुईसारखं गेलं. दोन वर्षांत तिने त्याला चेष्टेतसुद्धा कधी अहो म्हटलं नव्हतं. त्याने त्या दिवशी पहिल्यांदा, गन हातात असताना, गाडीवर रंगाचा ओघळ होऊ दिला.

*

दोन खोल्यांच्या घरात तो, दादा आणि वहिनी राहायचे. आरसा एकच, तो हात धुवायच्या बेसिनवर. सफाचट आता त्या आरशापुढे इतका वेळ उभा राहायला लागला, की वहिनी एक दिवस टॉवेल घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"भाऊजी, आत कोणी सापडलं का?"

"वहिनी, एक सांगा. दाढीत असं काय असतं?"

"कुणाच्या?"

"कुणाच्याही. बायकांना काय दिसतं तिच्यात?"

वहिनीने खोलीतून डोकावणाऱ्या दादाच्या तुळतुळीत गालाकडे बघितलं. "मला काय माहीत? माझ्या नशिबात कुठे आलीय? पण असेल काहीतरी. झाकलेल्या पातेल्याचं झाकण उचलून बघावंसं वाटतंच ना?" आणि मग एकदम डोळे बारीक करून, "कोण आहे हो ती?"

"कोणी नाही."

"कोणी नाही तर आरशाला का त्रास? हलवा तोंड, मला भांडी घासायचीत."

पुढचे पंधरा दिवस त्याने दिवसातून दोनदा दाढी केली, कारण सारखं पातं फिरवलं की केस दाट येतात असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. दाट काही आलं नाही, गाल तेवढे सोलवटले. रस्त्याने जाताना तो आता माणसं बघायचा नाही, गाल बघायचा. बसस्टॉपवर एखादा काळ्या दाढीचा आणि शेजारी एखादी मुलगी दिसली की तो मान वळवून लांबपर्यंत बघत राहायचा. केसच ते! डोक्यावर आले तर कोणी ढुंकून बघत नाही, तेच चार बोटं खाली आले की माणूस साहेब होतो. आपण चार वर्षं आरशासारखे दरवाजे काढतोय, ते कुणाला दिसत नाहीत. आणि या उंदराने काय केलं? गळू!

अशात मालकाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. बारा दिवस मालक घरी. बारा दिवस गालावरून हात फिरवणारं कोणी नाही. सफाचटने त्याच संध्याकाळी दाढीचं सामान कागदात गुंडाळून कपाटाच्या वर टाकलं.

तिसऱ्या दिवशी गाल खाजायला लागला. पाचव्या दिवशी ठोक्याच्या लक्षात आलं. "अरे, तोंड धुवायचं राहिलं का? काहीतरी लागलंय तुला." आठव्या दिवशी जे होतं ते सगळ्यांना दिसलं. हनुवटीवर एक झुबका, डाव्या गालावर बेट, उजवीकडे इकडे दोन तिकडे तीन, आणि रंग, देवा, काळा नाहीच. डोक्यावरचे केस काळे आणि हे जुन्या बिजागरीसारखे तांबूस.

"मालक येऊ दे," ठोक्या म्हणाला.

"सांगणार आहेस?"

"मी कशाला सांगू? मालकाचा डोळा उघडला की पहिलं हेच दिसायचंय त्याला. बिचारा म्हणेल, ऑपरेशन फसलं."

पण त्याच दिवशी काउंटरला तीन गिऱ्हाइकं एकदम आली. दाढीवाला अडकला. रंगवालीने काचेवर टकटक केली आणि कार्ड उंच धरलं. सफाचटने मास्क काढला आणि जवळजवळ धावत बाहेर गेला. कितीतरी दिवसांनी दोघं उजेडात गाडीपाशी वाकले. ती कार्डाकडे बघायची सोडून त्याच्या हनुवटीकडे बघत होती.

"हा कुठला रंग?" ती म्हणाली.

"कुठला?"

तिने खिशातून रंगांच्या पट्ट्यांचा गुच्छ काढला आणि एकेक पट्टी त्याच्या हनुवटीला लावत गेली. तिची बोटं त्याच्या कातडीपासून सूतभर लांब होती. त्याने श्वास रोखला होता. "वीटकरी नाही. तपकिरी नाही. थांब. हा. तपकिरीत गंजाचा एक थेंब." ती हसली. "मिळाला. तुला कुठे धडक बसली तर आता जुळवता येईल."

एवढंच. पण सफाचट त्या दिवशी चालत घरी गेला, बसमध्ये मावला नसता म्हणून. दाढीने काम केलं होतं! आठ दिवसांच्या, भोकाभोकांच्या दाढीने. पूर्ण आली तर काय होईल? वाटेत दुकानात थांबून त्याने दाढीला लावायचं तेल मागितलं. दुकानदाराने तीन बाटल्या पुढे ठेवल्या. त्याने एकेक हुंगली आणि लवंगेच्या वासाची उचलली, कारण दाढीवाल्याला तोच वास यायचा. काउंटरपाशी, कार्डापाशी, दाढीवाला उठून गेल्यावर रिकाम्या खुर्चीपाशीसुद्धा.

*

आता रंगाऱ्याला तेल म्हणजे काय, हे सफाचटला सांगायची गरज नव्हती. तोच इतरांना सांगायचा. डोक्याला तेल लावून कोणी खोलीत पाय ठेवला तर तो गन ठेवून त्याला बाहेर काढायचा. पत्र्यावर तेलाचा नुसता हात लागला, तरी वरून मारलेला रंग तिथे बसत नाही. तो मागे सरकतो आणि मसुराएवढे गोल खड्डे पडतात. रंगारी म्हणतात, गाडीला डोळे आले. एकदा आले की सगळं घासून काढून पहिल्यापासून करायचं. मत्सराने माणूस आंधळा होतो असं नाही. त्याला एकच गोष्ट दिसते, आणि हातात काय आहे ते दिसत नाही. अकराव्या दिवशी सकाळी त्याने तेल चोळलं, लवंगेच्या वासात रंगवालीबरोबर कार्ड बघून झालं, आणि मग तो एका गडद निळ्या गाडीच्या बोनेटपाशी आला. शेवटचं पुसणं बाकी होतं. रंगापूर्वी बारीक धूळ टिपायला एक चिकट कपडा असतो, तो अख्ख्या बोनेटवरून लांब लांब हात मारत फिरवायचा. मास्कच्या रबराखाली हनुवटी भयानक खाजत होती. त्याने मास्क खाली ओढला, उघड्या हाताने कराकरा खाजवलं आणि त्याच हाताने कपडा उचलला.

रंगाचा पहिला हात मारला तेव्हा काही नव्हतं. दुसऱ्या हाताला बोनेटने डोळे उघडले. एक, चार, वीस. काचेच्या बाजूपासून पुढच्या टोकापर्यंत, लांब लांब पट्ट्यांनी.

त्या संध्याकाळी त्याने कपाटावरून सामान काढलं आणि अकरा दिवस चार मिनिटांत उतरवले. वहिनी दारात होती. तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, त्याचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "पाणी तापवून देऊ का? गालाला बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी मालक काळा चष्मा लावून आला. बोनेट बघितलं. आत जाऊन तो चिकट कपडा उचलला, नाकाला लावला आणि म्हणाला, "लवंग."

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. काउंटरकडे.

"काल तू गाडीला हात लावला होतास?" मालकाने विचारलं.

दाढीवाला दाढीवरून हात फिरवत राहिला. "गिऱ्हाइकाला दाखवताना टेकलो होतो मालक, बोनेटला. पण ते पुसायच्या आधी. आणि कपड्याला तर..." तो गोंधळला. "असेलही. लागला असेल हात. काय सांगू?"

सफाचट चार हातांवर उभा होता. 'मी' एवढं एकच अक्षर. ते घशापर्यंत आलं. मग त्याने दाढीवाल्याच्या त्या काळ्या, एकसारख्या, कानापासून कानापर्यंतच्या दाढीकडे बघितलं, आणि अक्षर खाली गेलं. ठोक्याने एकदा सफाचटकडे बघितलं खरं, पण त्यालाही ते गणित जमलं नसावं. त्या चार केसांना तेल कोण घालणार?

"गॅरेजमध्ये तेल नको म्हटलं होतं ना मी?" मालक म्हणाला. "दाढी आणि तेल दोन्ही उतरव. आजच. आणि काउंटर सोड, आत ये, गन धर. तोंडाने काम करून करून हात विसरलास."

दाढीवाला जेवायच्या सुट्टीत गेला आणि उंदीर होऊन परत आला. हनुवटी परत गळ्यात विरघळली होती. सफाचटला वाटलं, आतून उकळ्या फुटतील. फुटल्याही, दीड दिवस.

मग तिसऱ्या दिवशी दुपारी रंगवाली खोलीच्या दारात आली. हातात चहाचे दोन कप. एक स्वतःचा आणि एक उंदराचा. उंदराने मास्क वर सरकवला. रबराचा लाल वळ तोंडाभोवती, त्यात ती नसलेली हनुवटी. त्याने काहीतरी म्हटलं, आणि ती मान मागे टाकून हसली. अगदी तशीच. पूर्वी काचेपलीकडे हसायची, आता चार पावलांवर. लवंग नाही, दाढी नाही, साहेब नाही, आणि हसणं तेच! इतके दिवस सफाचटचा सगळा जळफळाट टांगायला एक खुंटी होती. ती उपटून टाकली, आणि जळफळाट तसाच राहिला, आता टांगायला जागा नाही.

उंदीर कप ठेवायला गेला. रंगवाली गेली नाही.

"डोळे लांब लांब पट्ट्यांनी आले होते," ती हळू आवाजात म्हणाली. "टेकलेल्या माणसाचा डाग एका जागी पडतो. आणि तो कपडा तुझ्याशिवाय कोणी मारत नाही. शिवाय त्या दिवशी कार्ड धरताना तुझ्या हनुवटीला लवंगेचा वास येत होता. परवा मला वाटलं, आज सांगशील. काल वाटलं, आज तरी सांगशील. अजून किती दिवस?"

सफाचट बोनेटकडे बघत होता. दोन वर्षं जे बोलायचं होतं ते शेवटी तोंडातून आलं, पण कुजून आलं. "तू त्याच्याशी हसतेस."

"हो."

"दाढी आल्यापासून."

"दाढी?" तिला क्षणभर कळलंच नाही. "वेड्या, त्याने मला विचारलं तेव्हा त्याच्या तोंडाला पट्टी होती. गळू पिकलेलं, अर्धं तोंड सुजलेलं. नीट बोलताही येत नव्हतं. मी तीनदा म्हटलं, काय? काय म्हणालास? चौथ्यांदा परत विचारलं त्याने."

"आणि तू हो म्हणालीस."

"तेव्हा नाही. पंधरा दिवसांनी."

"मी विचारलं असतं तर?"

रंगवालीने त्याच्याकडे बघितलं, रंग बघताना बघायची तसं, डोकं जरा बाजूला करून. "खरं सांगू? माहीत नाही. आणि मी काही तुझ्या विचारण्याची वाट बघत बसले नव्हते, तेही डोक्यात घेऊ नकोस. मला वाटायचं, याला रंगात रस आहे." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "मालक पाचला जातो."

घड्याळात पावणेचार झाले होते. सफाचटने मास्क खुंटीवर अडकवला, हात साबणाने दोनदा धुतले आणि मालकाच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला. ठोक्या तिथेच बसून चहा पीत होता. असू दे, सफाचट मनाशी म्हणाला.

"मालक, ते डोळे माझ्यामुळे आले. तेल माझं होतं. तुम्ही नव्हतात तेव्हा मी दाढी वाढवली होती."

मालकाने काळा चष्मा काढला आणि त्याच्या गालाकडे एका डोळ्याने निरखून बघितलं. "तू?"

"हो."

"कुठे?"

ठोक्याला ठसका लागला, चहा नाकातून आला.

मालक हसला नाही. "फट असलेला मास्क लावून अकरा दिवस आत होतास?" त्याने विचारलं, आणि बराच वेळ टेबलावरची किल्ली फिरवत राहिला. "माझ्या मामाचं मरण मी बघितलंय. तुला सांगितलंय मी ते. पुन्हा असं केलंस तर तुझा हात कितीही चांगला असू दे, मी ठेवणार नाही. बोनेट तू करायचंस, पहिल्यापासून, एकट्याने. आणि त्याला जाऊन सांग."

सांगणं सगळ्यात जड गेलं. उंदीर गन धूत होता. सफाचट बोलला, चार वाक्यांत, थिनरच्या डब्याकडे बघत. उंदराने हनुवटीच्या जागेवरून हात फिरवला, सवयीने.

"म्हणजे मी उगाच काढली?"

"हो."

"हरामी आहेस." तो गन खाली ठेवून दारातून बाहेर वाकून ओरडला, "अगं, ऐकलंस का? दाढी परत वाढवली तर चालेल. वाढवू?"

काउंटरच्या बाजूने तिचा आवाज आला, डबा ढवळता ढवळता, कुणाला ऐकू जाईल याची पर्वा न करता. "नको. टोचते."

ठोक्या एवढ्या जोरात हसला की हातोडी पत्र्यावर पडली. सफाचटच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एका शब्दात तिने त्याला काचेतून कधी न दिसलेलं सगळं दाखवलं होतं, आणि आता ते डोळ्यांपुढून जाणार नव्हतं. कधी टोचली? कुठे? त्याला विचारायचं नव्हतं आणि त्याचं डोकं तेच विचारत राहिलं.

त्याने बादलीत पाणी घेतलं. पॉलिशपेपर चार घड्या करून भिजवला, बोनेटवर पाण्याची धार सोडली आणि वरच्या टोकापासून घासायला सुरुवात केली. निळं पाणी बंपरवरून खाली गळायला लागलं. थोड्या वेळाने बोट फिरवून बघितलं. खड्ड्यांच्या कडा अजून हाताला लागत होत्या. त्याने कागद उलटा केला आणि परत पाण्यात बुडवला.